समाजकार्यातील संशोधनाधारित पदव्युत्तर शिक्षण
समाजकार्यातील पदव्युत्तर पदवी (एम.एस.डब्ल्यू.) हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम असून त्यात क्षेत्रकार्याला लघुशोधप्रबंधाची जोड असते. भारतात या शिक्षणाचा आरंभ १९३६ मध्ये मुंबईच्या सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालयाने झाला. छत्रपती संभाजीनगर येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या (स्थापना १९५८) कार्यक्षेत्रात ऊसतोड मजुरांचा बीड जिल्हा येतो. दिवाळीच्या सुमारास ही कुटुंबे साखर कारखान्यांकडे स्थलांतर करतात. हिवाळ्यात सर्वेक्षणास गेलेल्या विद्यार्थ्यास गावात बहुधा वृद्ध आणि मागे राहिलेली मुलेच भेटतात. अशा वेळी नमुना निवड ही केवळ सांख्यिकीची बाब उरत नाही. प्रत्यक्ष उसाच्या फडावर जावे लागते. शिवाय उत्तरदात्यास अनेकदा मदतीची आशा असते. मुलाखतीमुळे कोणताही शासकीय लाभ मिळणार नाही, हे संमती घेतानाच सांगणे संशोधकाचे कर्तव्य होय.