गुलाबी रंग टिकेपर्यंत

बारावीच्या रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकात पोटॅशियम परमँगनेट आणि ऑक्झॅलिक आम्ल यांचं टायट्रेशन असतं. मोल, संहती, समीकरण, ऑक्सिडीकरण, अभिक्रियेचा वेग, उत्प्रेरक असं वेगवेगळ्या धड्यांत विखुरलेलं बरंच काही या एका प्रयोगात एकदम हाताशी येतं. मी हा विषय शिकवते. मोल फळ्यावर समजावून सांगता येतो, पण तो मनाला पटतो ब्युरेटपाशी, असं माझं ठाम मत आहे.

सुरुवात तराजूपासून होते. ऑक्झॅलिक आम्लाचे पांढरे स्फटिक वॉच ग्लासवर घेऊन १.५७५ ग्रॅम तोलायचे, पाण्यात विरघळवायचे आणि २५० मिलिलिटरच्या फ्लास्कमध्ये खुणेपर्यंत पाणी भरायचं. हा आडनिडा आकडा कुठून आला, हे कुणीतरी विचारेपर्यंत मी पुढे जात नाही. या स्फटिकांच्या एका मोलचं वजन १२६ ग्रॅम. त्यातले ३६ ग्रॅम पाण्याचे, कारण आम्लाच्या प्रत्येक रेणूसोबत पाण्याचे दोन रेणू स्फटिकात बसलेले असतात. स्फटिक हाताला कोरडे लागतात, म्हणून हे पाणी हमखास विसरलं जातं. मग १२६ च्या जागी ९० येतात आणि पुढचं सगळं गणित बिघडतं. १.५७५ ला १२६ ने भागलं की ०.०१२५ मोल. ते पाव लिटरमध्ये असले की द्रावण ०.०५ मोलारचं झालं. (अळूचं पान कच्चं खाल्लं तर घसा खाजतो, तो याच आम्लाच्या कॅल्शियम क्षाराच्या टोकदार स्फटिकांमुळे. हे सांगितलं की मागच्या बाकावरचीही मान वर होते.)

एक मोल म्हणजे ६.०२२१४०७६ गुणिले १० चा २३ वा घात इतके कण. पूर्वी ही संख्या १२ ग्रॅम कार्बन-१२ मधल्या अणूंवरून ठरायची; २० मे २०१९ पासून ती व्याख्येनेच पक्की केली आहे. संख्या पाठ होते, पण तिची गरज काय ते कळत नाही. हार्डवेअरच्या दुकानात खिळे एकेक मोजून देत नाहीत, तोलून देतात. एका खिळ्याचं वजन ठाऊक असलं की किलोत किती खिळे बसले ते आपोआप कळतं. रेणू डोळ्यांना दिसत नाहीत, चिमटीत येत नाहीत, पण तराजूवर येतात. मोल ही तोलून मोजण्याची सोय आहे.

पुढे काचसामान धुण्याचं काम येतं आणि ते उरकून टाकायची मुलांना घाई असते. मला मात्र इथेच सगळ्यांत जास्त शिकवण्यासारखं दिसतं. ब्युरेट परमँगनेटच्याच द्रावणाने खळबळून घ्यायची, पिपेट ऑक्झॅलिक आम्लाच्या द्रावणाने. कोनिकल फ्लास्क मात्र फक्त डिस्टिल्ड वॉटरने धुवायचा आणि ओला राहिला तरी चालतो. असं का? ब्युरेटमध्ये पाण्याचे चार थेंब राहिले तर परमँगनेट पातळ होतं आणि रीडिंग वाढतं. फ्लास्कमध्ये पाणी कितीही असलं तरी पिपेटने सोडलेल्या आम्लाचे रेणू तेवढेच राहतात. पाण्याने संहती बदलते, रेणूंची संख्या बदलत नाही. हे एकदा डोक्यात बसलं की सौम्यीकरणाची उदाहरणं सोडवायला सूत्र पाठ करावं लागत नाही. उलट, फ्लास्कही आम्लाच्या द्रावणाने खळबळला, तर भिंतीला चिकटून राहिलेलं जास्तीचं आम्ल हिशेबात येत नाही आणि उत्तर चुकतं.

पिपेटने १० मिलिलिटर आम्ल घ्यायचं. टोकात उरलेला शेवटचा थेंब फुंकून काढायचा नाही. पिपेट बनवतानाच तो थेंब हिशेबातून वगळलेला असतो. टोक फ्लास्कच्या भिंतीला क्षणभर टेकवलं की पुरे. मग मेजरिंग सिलिंडरने विरल सल्फ्युरिक आम्ल घालायचं. इथे सल्फ्युरिकच लागतं. हायड्रोक्लोरिक घातलं तर परमँगनेट त्यातल्या क्लोराइडचा क्लोरीन करण्यात खर्च होतं, आणि नायट्रिक आम्ल स्वतःच ऑक्सिडीकारक असल्याने परमँगनेटच्या वाट्याचं काम ते करू लागतं.

फ्लास्क जाळीवर ठेवून ६० ते ७० अंशांपर्यंत तापवायचा. उकळू द्यायचा नाही, कारण फार तापवलं की ऑक्झॅलिक आम्लाचंच विघटन होऊ लागतं. मग मानेभोवती कागदाची जाड घडी गुंडाळून तो उचलायचा आणि ब्युरेटखाली पांढऱ्या टाइलवर आणायचा. आता डावा हात ब्युरेटच्या तोटीवर, उजवा फ्लास्कच्या मानेवर.

पहिले थेंब पडतात आणि द्रावण गुलाबी होऊन तसंच राहतं. “मॅडम, एंड पॉइंट आला!” दर वर्षी कुणीतरी हे ओरडतंच. मी म्हणते, हलवत राहा. काही सेकंद फ्लास्क फिरवल्यावर तो रंग हळूहळू मावळतो. पुढचे थेंब जरा लवकर विरतात आणि त्यानंतरचे पडताक्षणी नाहीसे होतात. आम्ल तेच, परमँगनेट तेच, तापमान उलट थोडं उतरलेलं, तरीही वेग वाढलेला. कारण पहिल्या थेंबांतून तयार झालेले मँगनीजचे द्विधन आयन पुढच्या अभिक्रियेला उत्प्रेरक ठरतात. या अभिक्रियेला लागणारा उत्प्रेरक तिच्यातूनच निर्माण होतो. स्वयंउत्प्रेरण हा जड शब्द यानंतर कुणाला अवघड वाटलेला मी पाहिलेला नाही.

घाई केली तर काय होतं, तेही लगेच दिसतं. तोटी सैल सोडली किंवा सल्फ्युरिक आम्ल कमी पडलं की द्रावण तपकिरी, गढूळ होतं. मँगनीजची ऑक्सिडीकरण स्थिती अधिक ७ वरून अधिक २ पर्यंत उतरायची असते; इथे ती अधिक ४ वर अडते आणि मँगनीज डायऑक्साइड तयार होतो. तो फ्लास्क ओतून द्यावा लागतो.

ऑक्झॅलिक आम्ल संपलं की पुढच्या थेंबाला अभिक्रियेसाठी कुणी उरत नाही. फिकट गुलाबी रंग येतो आणि अर्धा मिनिट टिकतो. वेगळा दर्शक घालायची गरज नाही. परमँगनेट स्वतःच निरोप देतं. ब्युरेटमधलं द्रावण ०.०२ मोलारचं असेल, तर ०.०५ मिलिलिटरच्या एका थेंबात परमँगनेटचे सुमारे ६ वर १७ शून्यं इतके आयन असतात. तेवढ्यांनी सगळा फ्लास्क रंगतो. अणू-रेणू किती लहान आहेत याचा इतका सोपा पुरावा मला दुसरा माहीत नाही.

रीडिंग घेताना डोळे द्रावणाच्या पातळीला आणावे लागतात आणि गडद जांभळ्या द्रावणात वक्र पृष्ठाची वरची कड वाचावी लागते, कारण खालची दिसतच नाही. ब्युरेटवर ठेवलेलं नरसाळं आधी काढायचं, नाहीतर त्यातला थेंब मध्येच खाली पडतो. ब्युरेटची तोटी काचेची किंवा टेफ्लॉनची हवी. कार्ल फ्रीडरिश मोर या जर्मन रसायनज्ञाची रबरी नळी आणि चिमटा असलेली ब्युरेट एकोणिसाव्या शतकात फार गाजली, पण परमँगनेट रबरालाही ऑक्सिडीकृत करतं, म्हणून तिथे ती चालत नाही. परमँगनेटच्या टायट्रेशनला स्वतःचाही इतिहास आहे: फ्रेंच रसायनज्ञ फ्रेडरिक मार्गेरित याने १८४६ साली लोहाचं प्रमाण काढायला ते वापरलं.

आधी अंदाजाचं पायलट रीडिंग, मग तीन रीडिंगं, आणि त्यांतलं जुळणारं ते सीबीआर, म्हणजे कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग. समजा ते १०.२ मिलिलिटर आलं. समीकरण सांगतं की परमँगनेटचे २ मोल आम्लाच्या ५ मोलना पुरतात. फ्लास्कमध्ये आम्लाचे ०.०००५ मोल होते, म्हणजे परमँगनेटचे ०.०००२ मोल लागले. त्यावरून संहती ०.०१९६ मोलार आणि एका लिटरमध्ये परमँगनेट सुमारे ३.१ ग्रॅम. कधीकाळी गावोगाव विहिरीत टाकलं जाणारं हे ‘लाल औषध’ किती आहे, ते न तोलता कळलं.

पण हल्ली अनेक ठिकाणी चार-पाच मुलांत एकच ब्युरेट असते. एक जण तोटी फिरवतो, बाकीचे त्याचं रीडिंग उतरवून घेतात. काही जर्नलांत तर आधी उत्तर लिहून त्यावरून रीडिंग बेतलेलं असतं. तीनही आकडे दशांशापर्यंत एकसारखे दिसले की मला शंका येते. अशा मुलांना प्रात्यक्षिकाच्या ३० पैकी गुण मिळतील, पण मोल काय ते त्यांना कळणार नाही. दुधाची आम्लता किंवा पाण्याची कठीणता तपासणाऱ्या प्रयोगशाळांत आजही याच रीतीने थेंब मोजले जातात आणि तिथे बेतलेलं रीडिंग खपत नाही.

म्हणून शिक्षकांना आणि संस्थाचालकांना माझी विनंती आहे: प्रत्येक मुलाच्या हाती निदान एका पूर्ण टायट्रेशनसाठी स्वतंत्र ब्युरेट द्या, आणि रीडिंग जुळलं नाही तर ते खोडायला न लावता पुन्हा घ्यायला वेळ द्या.