नकाशावरची पहिली रेघ आणि तिच्यावरचा अभिप्राय

भारतीय सर्वेक्षण विभागाची स्थापना १७६७ साली झाली. तेव्हापासून अगदी अलीकडेपर्यंत नकाशा काढणे हे सरकारचे, त्यातही प्रशिक्षित भूमापकांचे काम मानले जाई. सामान्य माणसाने नकाशा पाहावा. तो चुकलेला दिसला तरी दुरुस्त करण्याचा मार्ग त्याला नव्हता. २००४ साली स्टीव्ह कोस्ट यांनी इंग्लंडमध्ये सुरू केलेल्या ओपनस्ट्रीटमॅप या उपक्रमाने ही स्थिती पालटली. या नकाशात कोणीही नाव नोंदवून आपल्या गल्लीची रेघ ओढू शकतो, विहिरीचा ठिपका घालू शकतो, दवाखान्याचे नाव लिहू शकतो. त्यातील माहिती सर्वांना विनामूल्य वापरता येते, आणि अनेक अ‍ॅप व मदतसंस्था ती वापरतातही. नोंदणी केलेल्यांची संख्या आज एक कोटीच्या पुढे गेली आहे.

या नकाशाचे वैशिष्ट्य असे, की नवशिक्याने केलेला बदल आधी कोणी तपासत नाही. तो काही मिनिटांत जगासमोर येतो. तपासणी होते ती नंतर. त्या भागात रस असलेला दुसरा एखादा स्वयंसेवक तो बदल पाहतो आणि त्याखाली चार ओळी लिहितो. एका बैठकीत केलेल्या बदलांच्या गठ्ठ्याला तेथे 'चेंजसेट' म्हणतात, आणि प्रत्येक चेंजसेटखाली अशा चर्चेची सोय आहे. वर्ग नाही, परीक्षा नाही, गुरुजी नाहीत. त्या चार ओळी हीच नवशिक्याची शाळा होय. बहुसंख्य लोक एक-दोनदा बदल करून पुन्हा तिकडे फिरकत नाहीत. म्हणून त्या ओळी कशा लिहाव्यात, याचा विचार येथे करावयाचा आहे.

हा विषय स्मरणिकेत कशासाठी, असे कोणी विचारील. पुण्यातील प्रभात रस्त्याच्या गल्ल्यांना क्रमांक आहेत, फाटकांवर बंगल्यांची नावे आहेत. तेथील घर नकाशावाचूनही सापडते. पर्वतीच्या उतारावरील जनता वसाहत, ताडीवाला रस्ता, येरवड्यातील लक्ष्मीनगर अशा ठिकाणी मात्र पत्ता सांगितला जातो तो 'विहाराच्या मागच्या बोळात' किंवा 'पिठाच्या गिरणीवरून डावीकडे' असा. आपल्यापैकी अनेकांची बालपणे अशाच पत्त्यांवर गेली. रात्री दोन वाजता रुग्णवाहिकेच्या चालकाला हा पत्ता फोनवर समजावून सांगणे म्हणजे काय, हे ज्याने केले त्यालाच ठाऊक. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला आणि अरण्येश्वर, टांगेवाला कॉलनी या भागांत माणसे दगावली. कात्रजकडून मुठेपर्यंत येणारा हा ओढा कोणत्या भिंतीमागे अरुंद झाला आहे, कोणत्या बोळातून वर चढता येते, हे काठावर राहणाऱ्यांना तोंडपाठ असते. पुण्यात काम करणाऱ्या शेल्टर असोसिएट्स या संस्थेने वस्तीतील रहिवाशांना बरोबर घेऊनच घराघराची माहिती नकाशावर आणली आणि तिच्या आधारे घरोघरी शौचालये बांधण्याचे नियोजन केले, त्यामागचे कारण हेच आहे.

तेव्हा परिस्थिती अशी असते: वस्तीचा जाणकार नकाशाच्या तंत्रात नवखा असतो, आणि तंत्राचा जाणकार त्या वस्तीत नवखा असतो. अभिप्राय लिहिणाऱ्याने यातले दुसरे वाक्य विसरले, की बिघडायला सुरुवात होते.

नवशिक्याच्या चुका बहुधा ठरावीक असतात. बोळाची रेघ मुख्य रस्त्यापर्यंत येते, पण त्याला चिकटत नाही. डोळ्यांना ते दिसत नाही, वाट शोधणाऱ्या अ‍ॅपला मात्र तो बोळ तुटलेला वाटतो. ओढ्याची रेघ ज्या दिशेने ओढली जाते ती प्रवाहाची दिशा समजली जाते, हे न कळल्यामुळे आंबिल ओढा मुठेतून निघून कात्रजचा घाट चढू लागतो. नकाशा सरकवताना रस्त्याचा एखादा बिंदू बोटाखाली येतो आणि सरळ रस्त्याला अचानक कोपर फुटते. कोणी आपल्या घरावर 'माझे घर' असे लिहून ठेवतो. या साऱ्या चुका दोन मिनिटांत सुधारतात, आणि ज्याने त्या केल्या त्यालाच सुधारू दिल्या तर पुन्हा होत नाहीत.

काही चुका चुकांसारख्या फक्त दिसतात. समजा, एखाद्या मुलीने येरवड्यातील चाळीची एक रांग नकाशातून पुसली. दूरच्या शहरातील अनुभवी संपादकाला उपग्रहचित्रात ती रांग ठसठशीत दिसते. त्याला वाटते, नवख्या हाताने चुकून पुसली, आणि तो ती परत आणतो. परंतु उपग्रहचित्र काही वर्षांपूर्वीचे असू शकते. चाळ पाडून तेथे पुनर्वसनाची इमारत उभी राहिली असेल, आणि ती मुलगी त्याच इमारतीत राहत असेल. 'येथील घरे आता नाहीत काय?' एवढा एक प्रश्न आधी विचारला असता, तर नकाशाला एक नवी इमारत मिळाली असती आणि एक कार्यकर्तीही.

सर्वांत नाजूक प्रसंग नावांचा. महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावे बदलून समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर यांसारखी नावे देण्याचा निर्णय घेतला. शासननिर्णय निघाला म्हणून नकाशे आपोआप बदलत नाहीत. जुन्या कागदांवरून उतरवलेले 'महारवाडा', 'मांगवाडा' असे शब्द नकाशांत कोठे कोठे शिल्लक राहणारच. ज्याच्या आजोबांना त्या नावाने गावाबाहेर ठेवले, असा एखादा तरुण एके दिवशी नाव नोंदवतो, ते अक्षर पुसतो आणि भीमनगर लिहितो. त्याच्या आयुष्यातील नकाशावरची ती पहिली दुरुस्ती असते.

आता पलीकडच्या संपादकाची बाजूही पाहू. या नकाशात प्रस्थापित नाव बदलून भलतेच लिहिणारे खोडसाळ लोक खरोखरच येतात, म्हणून नव्या खात्यावरून झालेला नावाचा बदल दिसला की जुने संपादक सावध होतात. त्यांचा नियम असा, की जे प्रत्यक्ष जमिनीवर आहे तेच नकाशावर यावे: फलकावर काय लिहिले आहे, लोक काय म्हणतात. नियम चांगला आहे. पण तो सांगायचा कसा? 'जुने नाव का काढले? पुरावा द्या' हे पाच-सहा शब्द लिहिणाऱ्याला केवळ कामकाजाचे वाटतात. वाचणाऱ्याच्या कानी त्यांत पिढ्यांचा आवाज येतो. त्याऐवजी असे लिहिता येईल: 'नमस्कार. वस्तीचे नवे नाव घातल्याबद्दल आभार. शासनाच्या निर्णयानंतर अशी नावे बदलत आहेत हे ठाऊक आहे. वस्तीच्या कमानीवर किंवा ग्रामपंचायतीच्या फलकावर नवे नाव लागले आहे का? तसे असल्यास बदलाच्या टिपणात एक ओळ लिहून ठेवावी, म्हणजे दुसरा कोणी चुकून मागे फिरवणार नाही.' विचारलेली माहिती तीच आहे. मात्र येथे ती त्या तरुणाच्या कामाचे रक्षण करण्यासाठी विचारलेली आहे, आणि त्याला ते समजते. नकाशात जुन्या नावासाठी वेगळा रकाना असतो. जुन्या दस्तऐवजांचा मेळ घालण्यास तो उपयोगी पडतो, हे खरे. पण जातिवाचक नाव तेथे ठेवावे की नाही, हे त्या वस्तीतील लोकांना विचारल्यावाचून बाहेरच्याने ठरवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

भाषेविषयी थोडे अधिक लिहिले पाहिजे, कारण आपण पुण्यात आहोत. पुणेरी पाटी भिंतीवर गमतीची वाटते. तीच आपल्या पहिल्या कामाखाली चिकटली तर गंमत राहत नाही. 'नियम वाचून मगच हात लावावा' हे वाक्य फाटकावर शोभते. 'कृपया' या शब्दावरही फार विसंबू नये. 'कृपया सूचनांचे पालन करावे' यात कृपा कोठेच नसते, कार्यालयाच्या नोटिशीचा वास तेवढा असतो. समोरची व्यक्ती नववीतील विद्यार्थी आहे की निवृत्त पोस्टमन, हे पडद्यावर कळत नाही, म्हणून 'तू' नको. आणि बदलाचे टिपण मराठीत असेल तर अभिप्रायही मराठीतच द्यावा. इंग्रजीत आलेली दुरुस्ती, मजकूर कितीही सौम्य असला तरी, अनेकांना साहेबाच्या टेबलावरून आल्यासारखी वाटते.

एका वेळी एकच गोष्ट सांगावी. दहा चुका दिसल्या तरी ज्या चुकीने वापरणाऱ्याचे नुकसान होते ती आधी घ्यावी. बोळ तुटलेला असेल तर तो, इमारतीचा कोपरा किंचित तिरका असेल तर तो राहू द्यावा. शाबासकीही नेमकी हवी. 'छान काम' यापेक्षा 'या बोळांची नावे आजवर नकाशात नव्हती, ती आपल्यामुळे आली' हे खरे, आणि म्हणून लक्षात राहणारे. दुरुस्ती कशी करायची ते लगेच पुढे सांगावे: 'रेघेचे टोक ओढून रस्त्यावर सोडले की ते जुळते. जमले नाही तर कळवा, मिळून पाहू.' उत्तर यायला आठवडा लागू शकतो. तोवर काम मागे फिरवण्याची घाई करू नये.

दुसऱ्याचा दोष दाखवणे या गोष्टीचा विचार बौद्ध परंपरेने फार बारकाईने केला आहे. विनयपिटकाप्रमाणे दोष दाखवू इच्छिणाऱ्या भिक्खूने आधी स्वतःचे आचरण तपासायचे असते. बोलणे वेळ पाहून, वस्तुस्थितीला धरून, कठोर शब्द टाळून, ऐकणाऱ्याच्या भल्यासाठी आणि मैत्रीचे चित्त ठेवून व्हावे, अशी अपेक्षा असते. त्याहून मला विशेष वाटते ती अनुमतीची अट: ज्याला दोष सांगायचा त्याची संमती आधी घ्यायची. पालीत तिला 'ओकास' म्हणतात. योगायोग असा, की ओपनस्ट्रीटमॅपच्या नवशिक्यांसाठीच्या संपादन-साधनात बदल जतन करताना एक चौकट येते. 'माझे काम कोणी तपासावे' अशी इच्छा असल्यास तिच्यावर खूण करायची. ही खूण म्हणजे दिलेला ओकासच होय. ज्यांना या कामात मदत करायची आहे त्यांनी पुणे परिसरातील अशी खूण केलेली कामे आधी शोधावीत. मागितलेल्या अभिप्रायाचे आणि न मागितलेल्या अभिप्रायाचे वजन वेगळे असते.

सौम्यतेला मर्यादा आहे, हेही नोंदवले पाहिजे. गूगलच्या नकाशावरून नावे उतरवून घेणे येथे चालत नाही. तो परवान्याचा भंग आहे आणि त्यामुळे सगळ्यांचे काम धोक्यात येते. नवशिक्याला हे माहीत नसते, म्हणून पहिल्यांदा समजावून सांगावे. परंतु शब्द संदिग्ध नसावेत आणि ती माहिती काढावीच लागेल हे लपवू नये. जाणूनबुजून नासधूस करणाऱ्यासाठी उपक्रमाचा स्वतंत्र कार्यगट आहे, त्याला खाते रोखण्याचा अधिकार आहे. असे प्रकरण त्याच्याकडे सोपवावे, अभिप्रायाच्या ओळींत भांडत बसू नये. तेथे लिहिलेले सर्वांना दिसते आणि वर्षानुवर्षे तसेच राहते.

आपल्या वाचकांना हमखास भेटणारे एक उदाहरण द्यायचे राहिले: वस्तीतील बुद्धविहार. नवशिका तो नकाशावर घालतो आणि प्रकार म्हणून 'सामाजिक सभागृह' निवडतो. तपासणाऱ्याला फोटोत बुद्धमूर्ती दिसते. तो प्रकार बदलून 'प्रार्थनास्थळ' करतो. दुसऱ्या दिवशी पहिला पुन्हा सभागृह करतो, आणि दोघेही एकमेकांना अडाणी समजू लागतात. वास्तविक त्या एका खोलीत पहाटे वंदना होते, दुपारी बालवाडी भरते, संध्याकाळी दहावीची मुले अभ्यासाला बसतात आणि रविवारी साखरपुडा असतो. एकाच इमारतीत दोन निराळे ठिपके घालण्याची सोय या नकाशात आहे. पण ती सुचवण्याआधी तपासणाऱ्याने विचारायला हवे, की तेथे सकाळी काय चालते आणि संध्याकाळी काय.