शेंबूड : एक अफलातून कन्व्हेयर बेल्ट

शीर्षक वाचून नाक मुरडलंत ना? खुशाल मुरडा. पण ते नाक या क्षणीसुद्धा ड्युटीवर आहे! आपण दिवसाला साधारण १० हजार लिटर हवा आत ओढतो. त्यात आपली नवी मुंबईची हवा म्हणजे ठाणे-बेलापूर रोडवरचा धूर, बांधकामांची धूळ आणि तळोज्याकडून येणारा तो सुप्रसिद्ध 'सुगंध'. सोबत बॅक्टेरियाही आत शिरतात. तरी आपल्याला उठसूट न्युमोनिया होत नाही, याचं बरंचसं श्रेय ज्याला आपण 'शीऽऽ' म्हणतो त्या म्युकसला जातं.

म्युकस म्हणजे जवळजवळ ९७ टक्के पाणीच. उरलेल्यात मुख्य माल म्युसिन नावाच्या लांबलचक प्रथिनांचा. त्यांच्या जाळ्यात धूळ आणि जंतू अडकतात. पण नुसतं अडकवून भागत नाही. काही बॅक्टेरिया अनुकूल परिस्थितीत अर्ध्या तासात दुप्पट होतात. जाळं जागच्या जागी राहिलं तर त्यांना फुकटात फ्लॅट मिळाल्यासारखंच! म्हणून खरी करामत आहे जाळ्याखालच्या सिलियांची. श्वासनलिकेतल्या पेशींवर हे सूक्ष्म केस असतात, एकेका पेशीवर सुमारे २००. ते सेकंदाला १०-२० वेळा हलतात आणि वरचा म्युकस घशाकडे सरकवतात. वेग मिनिटाला जेमतेम काही मिलिमीटर. घशाशी आलेला माल आपण नकळत गिळतो, पुढचं पोटातलं ॲसिड बघून घेतं. मेकॅनिकलवाल्यांनो, या बेल्टला मेंटेनन्ससाठी शटडाऊन नाही!

केमिकलवाल्यांसाठीही खुराक आहे. अलेक्झांडर फ्लेमिंगने पेनिसिलिनच्या आधी, १९२२ साली, लायसोझाइम जगासमोर आणलं. बॅक्टेरियाची भिंत फोडणारं हे एन्झाइम त्याला सापडलं ते सर्दीच्या शेंबडात.

बेल्ट अडला तर काय होतं ते सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजारात दिसतं. पेशींतून क्लोराइड नीट बाहेर पडत नाही, म्युकसमधलं पाणी घटतं, तो घट्ट होऊन बसतो आणि त्यात स्यूडोमोनास हा बॅक्टेरिया वर्षानुवर्षं ठाण मांडतो. हा आजार तसा दुर्मीळ. पण गेटबाहेरच्या टपरीवर 'सबमिशनचं टेन्शन' म्हणून सिगरेट ओढणारे आपले मित्र तेच काम स्वखर्चाने करतात. धुरामुळे सिलिया आखूड होतात, मंदावतात, उलट म्युकस जास्त तयार होतो. मग बेल्टचं काम खोकल्याला करावं लागतं.

अर्थात बेल्टलाही मर्यादा आहेत. फुफ्फुसाच्या टोकाशी असलेल्या वायुकोशांत तो पोहोचतच नाही. तिथे पहारा मॅक्रोफेज पेशींचा. टीबीचे जंतू नेमके इतक्या बारीक कणांतून येतात की बेल्ट चुकवून थेट तिथे उतरतात आणि त्या पहारेकऱ्यांच्याच पोटात तळ ठोकतात. पण फुफ्फुसाचा टीबी बळावला की ते कफातून वर येऊ लागतात. म्हणूनच दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर डॉक्टर बेडका तपासायला सांगतात. सरकारी आणि महापालिकेच्या दवाखान्यांत ही तपासणी फुकट होते. डबीत थुंकी नको, सकाळी उठल्यावर छातीतून खोकून काढलेला बेडकाच हवा.