पाण्याची पाळी आणि पेट्यांची घड्याळे



नीरा डाव्या कालव्यावर ऊस घेणाऱ्या सोमेश्वरनगरच्या शेतकऱ्याला पाळीची वेळ चुकण्याचा अर्थ सांगायला नको. स्वयंचलित ठिबक बसविले की तीच पाळी यंत्रांकडे जाते. मोटरीची पेटी विहिरीवर, व्हॉल्व्हची पेटी शेतात आणि दोन्हींत आपापले घड्याळ. ही घड्याळे जुळतात का, हे आपणच पाहिले पाहिजे.

समजा, दोन्ही पेट्यांना सकाळी ६ ची वेळ दिली आहे. व्हॉल्व्हचे घड्याळ पाच मिनिटे मागे असेल, तर मोटर तेवढा वेळ बंद व्हॉल्व्हवर दाब टाकते. पाईप फुटतो किंवा सांधा निखळतो. खताची वेळ सरकली, तर एका प्लॉटचे खत दुसऱ्याला जाते.

घड्याळ सरकते का? आतल्या स्फटिकात दहा लाख सेकंदांमागे २० सेकंदांची चूक सहज असते. म्हणजे दिवसाला पावणेदोन सेकंद, महिन्याला सुमारे ५० सेकंद. एक घड्याळ पुढे आणि दुसरे मागे पळाले, तर तीन महिन्यांत पाच मिनिटांचा फरक! उन्हात तापलेल्या पेटीतले घड्याळ आणखी मागे पडते.

तपासणी अशी करावी :

१. मोबाइलमध्ये आपोआप वेळ लावण्याची सोय चालू ठेवा. प्रत्येक पेटीसमोर उभे राहून पेटी आणि मोबाइल यांतला फरक सेकंदांत वहीत लिहा. सगळीकडे एकच मोबाइल वापरा.

२. आठ दिवसांनी पुन्हा लिहा. फरक किती वाढला, ते पाहा. आज जुळले म्हणजे पुढेही जुळेल, असे धरू नका.

३. पेटीतल्या नोंदी वाचा. पाणी आधी आले आणि व्हॉल्व्ह नंतर उघडला, असे दिसले तर घड्याळे जुळत नाहीत हे नक्की.

४. वीज जाऊन आल्यावर पेटीत २००० किंवा १९७० साल दिसले, तर आतला बटण सेल संपला आहे. तो बदलून वेळ लावा.

५. इंटरनेटवरचा रेडिओ काही सेकंद उशिरा ऐकू येतो. त्यावरून घड्याळ लावू नका.

घड्याळे जुळली तरी व्हॉल्व्ह आधी उघडेल आणि मोटर दोन मिनिटांनी सुरू होईल, असे अंतर ठेवा. बंद करताना आधी मोटर, मग व्हॉल्व्ह. वही मात्र मोटरीच्या खोलीतच टांगून ठेवा, म्हणजे घरातल्या कोणालाही तपासता येईल.