बटण ‘दाबलंय’ की ‘दाबायचंय’? ॲक्सेसच्या फॉर्मवरचं टॉगल बटण असं गंडवतं

व्हिडिओ कॉल सुरू आहे. माइकच्या चिन्हावर तिरकी रेघ दिसते. आता सांगा, याचा अर्थ माइक बंद आहे, की बटण दाबल्यावर तो बंद होणार आहे? सवयीने उत्तर येतं, पण पहिल्यांदा बघणारा हमखास अडखळतो. कारण एकाच बटणाला दोन कामं दिलेली असतात. सध्याची स्थिती दाखवायची आणि ती बदलायचीही. अशा बटणाला म्हणतात टॉगल बटण.

कॉलवर घोळ झाला तर फार तर चारचौघांत हसं होतं. पण हेच बटण एखाद्या क्लासच्या फी-नोंदीच्या फॉर्मवर असेल तर? फी भरलेल्या पालकांना ‘फी कधी भरताय?’ असा फोन जातो, आणि ज्यांची बाकी आहे त्यांना कुणी विचारतच नाही.

अशा नोंदींसाठी आजही अनेक जण मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस वापरतात. 1992 साली आलेलं हे सॉफ्टवेअर. यात टेबल, फॉर्म आणि रिपोर्ट एकाच फाइलमध्ये राहतात, आणि व्हीबीए नावाच्या भाषेत थोडाफार प्रोग्रामही लिहिता येतो.

समजा, विद्यार्थ्यांच्या टेबलात ‘फी भरली’ नावाचा हो/नाही प्रकारचा रकाना आहे. फॉर्मवर टॉगल बटण ठेवायचं आणि त्याच्या ‘कंट्रोल सोर्स’मध्ये या रकान्याचं नाव द्यायचं. झालं! बटण आत दाबलेलं म्हणजे हो, वर आलेलं म्हणजे नाही. इथपर्यंत एक ओळही कोड लागत नाही.

(जाता जाता एक गंमत. ॲक्सेस ‘नाही’साठी 0 साठवतं, पण ‘हो’साठी 1 नाही, तर चक्क -1. ‘नाही’ म्हणजे सगळे बिट 0, मग ‘हो’ म्हणजे सगळे बिट 1. आणि ऋण संख्या लिहिण्याच्या संगणकाच्या पद्धतीत सगळे बिट 1 असले की ती संख्या होते -1.)

खरी अडचण पुढे आहे. बटण आत गेलंय की वर आलंय, हे स्क्रीनवर चटकन कळत नाही. मग प्रत्येकाला एकच कल्पना सुचते. बटणावरचा मजकूर, म्हणजे कॅप्शन, बदलायचं. दाबलं की ‘भरली’, सोडलं की ‘बाकी’. त्यासाठी बटणाच्या ‘आफ्टर अपडेट’ या इव्हेंटमध्ये दोन-चार ओळी लिहिल्या जातात. किंमत हो असेल तर हे कॅप्शन, नसेल तर ते. दोनदा क्लिक करून पाहिलं, छान चाललं, काम संपलं असं वाटतं.

आता पुढच्या विद्यार्थ्याची नोंद उघडा. सायलीने फी भरली होती, तिच्या नोंदीवर ‘भरली’ दिसत होतं. ओंकारची फी बाकी आहे. त्याच्या नोंदीवर आल्यावर बटण वर येतं, ते बरोबरच आहे. पण कॅप्शन? ते अजूनही ‘भरली’च! बटणाचा आकार एक सांगतो आणि अक्षरं दुसरंच. माणूस वाचणार अक्षरंच.

असं का होतं? बटणाची किंमत त्या-त्या नोंदीची असते, कॅप्शन मात्र बटणाचं असतं. नोंद बदलली की ॲक्सेस किंमत आपोआप बदलतं, पण कॅप्शनला हात लावत नाही. आणि ‘आफ्टर अपडेट’ चालतं ते फक्त माणसाने बटण दाबून किंमत बदलली तरच. नुसती नोंद बदलली, किंवा कोडने किंमत बदलली, तर ते जागचं हलत नाही.

यावरचा नेहमीचा उपाय म्हणजे फॉर्मचा ‘ऑन करंट’ इव्हेंट. प्रत्येक नोंदीवर गेल्यावर तो चालतो. कॅप्शन बदलणारा कोड एका वेगळ्या प्रोसिजरमध्ये एकदाच लिहायचा आणि दोन्ही इव्हेंटमधून तिला बोलवायचं. एका वेळी एकच नोंद दाखवणाऱ्या फॉर्मवर हे बऱ्यापैकी चालतं.

पण कंटिन्युअस फॉर्म असेल, म्हणजे एकाखाली एक तीस विद्यार्थी दिसत असतील, तर हा उपाय साफ आपटतो. दिसायला तीस बटणं असली तरी ॲक्सेसच्या लेखी बटण एकच असतं. कोडने एका ओळीचं कॅप्शन बदललं की तिसांचं बदलतं. सायलीच्या ओळीवर क्लिक केलं की सगळा वर्ग ‘भरली’!

मराठीत काम करणाऱ्यांना आणखी एक फटका बसतो. व्हीबीएचा एडिटर जुन्या पद्धतीचा आहे, त्यात युनिकोड देवनागरी टिकत नाही. कोडमध्ये ‘भरली’ लिहायला गेलं की तिथे प्रश्नचिन्हांची रांग उमटते. प्रॉपर्टी शीटमध्ये मात्र तीच अक्षरं व्यवस्थित दिसतात. त्यामुळे अनेक जण वैतागून बटणावर इंग्रजी शब्द टाकून मोकळे होतात. खरं तर गरज नाही.

सोपा मार्ग असा, की बटणाला बोलायलाच लावायचं नाही. बटणावर कायम ‘फी’ एवढंच लिहायचं आणि शेजारी एक टेक्स्ट बॉक्स ठेवायचा. त्याच्या ‘कंट्रोल सोर्स’मध्ये ‘आयआयएफ’ हे फंक्शन लिहायचं. ‘फी भरली’ हो असेल तर ‘भरली’, नाही तर ‘बाकी’. हे सूत्र प्रॉपर्टी शीटमध्ये लिहिलं जातं, म्हणून मराठी अक्षरं शाबूत राहतात. ते प्रत्येक ओळीसाठी वेगळं मोजलं जातं, म्हणून तीस ओळींत तीस बरोबर उत्तरं दिसतात. शिवाय टेक्स्ट बॉक्सला कंडिशनल फॉरमॅटिंग लावून ‘बाकी’ लाल करता येतं. टॉगल बटणाला ती सोय नाही. या बॉक्सचं ‘लॉक्ड’ हो करून ठेवलं की कुणी त्यात टाइप करायला जात नाही. कोडच्या ओळी शून्य!

एक सापळा अजून उरतो. बटण कुठल्याच रकान्याला जोडलेलं नसेल, म्हणजे फक्त यादी गाळण्यासाठी ठेवलेलं असेल, तर फॉर्म उघडताना त्याची किंमत हो नसते आणि नाहीही नसते. ती असते ‘नल’, म्हणजे काहीच नाही. अशा वेळी ‘किंमत नाही आहे का?’ असं विचारणारी अट फसते. म्हणून ‘डिफॉल्ट व्हॅल्यू’ आधीच भरून ठेवावी. ‘ट्रिपल स्टेट’ ही प्रॉपर्टी सुरू करून बटणाला मुद्दाम तिसरी स्थिती देता येते, पण ॲक्सेसच्या हो/नाही रकान्यात नल साठवताच येत नाही. ‘अजून विचारलं नाही’ असं नोंदवायचं असेल तर अंकाचा रकाना घ्यावा लागतो.

आणि ते -1 विसरू नका. डेटा वाढला की टेबलं अनेकदा एसक्यूएल सर्व्हरवर हलवली जातात, आणि तिथे ‘हो’ म्हणजे 1. मग -1 शोधणारी जुनी क्वेरी रिकाम्या हाताने परत येऊ शकते. मुरलेले प्रोग्रामर म्हणूनच अटीत ‘-1 आहे का’ असं विचारत नाहीत, ‘0 नाही ना’ एवढंच विचारतात.