रोकडीपासून फास्टॅगपर्यंत

फास्टॅगचं कौतुक होतं ते वाचलेल्या वेळेसाठी. मालवाहतूकदाराच्या लेखी मात्र खरा फरक पडला तो रोकडीत. पूर्वी ट्रक निघताना डिझेल, टोल, जेवण आणि वाटेतलं ‘चहापाणी’ धरून अंदाजे रक्कम ड्रायव्हरच्या हाती ठेवली जायची. परतल्यावर चुरगळलेल्या पावत्या, आणि हिशेबावरून खडाजंगी.

टोलसाठी आरएफआयडी, म्हणजे रेडिओलहरींनी ओळख पटवणारं तंत्र, वापरावं, ही शिफारस २०१० सालची, नंदन निलेकणी समितीची. टॅगला बॅटरी लागत नाही, म्हणून तो स्वस्त पडतो. काचेवरच्या पट्टीत इवलीशी चिप आणि तिला जोडलेला अँटेना असतो. लेनवरचा रीडर रेडिओलहरी सोडतो. त्यांतूनच चिपला क्षणभर पुरेल एवढी ऊर्जा मिळते आणि ती आपला क्रमांक परत पाठवते. पैसे टॅगमध्ये नसतातच. क्रमांकावरून खातं सापडतं आणि रक्कम तिथून वळती होते. बारकोडसारखं यंत्र नेमकं समोर धरावं लागत नाही, हा मोठा फायदा.

२०१४ मध्ये अहमदाबाद-मुंबई मार्गावर सुरुवात झाली, पण पुढची काही वर्षं रखडतच गेली. टॅगच्या लेनमध्ये रोखवाले घुसले की सगळंच मुसळ केरात! डिसेंबर २०१७ पासून नव्या चारचाकींना टॅग बंधनकारक झाला; तरी गाडं खरं हललं ते फेब्रुवारी २०२१ मध्ये, राष्ट्रीय महामार्गांवर टॅग नसल्यास दुप्पट टोल लागू झाल्यावर. महाराष्ट्र सरकारने राज्यातल्या नाक्यांवर सक्ती केली ती थेट एप्रिल २०२५ पासून.

दरम्यान २०१६ मध्ये न्हावाशेवाच्या जेएनपीटी बंदरात कंटेनरलाही असेच टॅग लागले. बंदराच्या फाटकावर आणि पुढे टोलनाक्यांवर त्यांची नोंद होऊ लागली. कंटेनर नेमका कुठे अडकलाय, हे आयातदाराला एजंटला फोन न लावता कळू लागलं. माझ्या मते टोलवसुलीपेक्षा हा उपयोग मोठा. कारखान्याची आखणी माल कधी पोहोचणार यावरच तर चालते.

जानेवारी २०२१ मध्ये ई-वे बिल, म्हणजे मालासोबतचा जीएसटीचा ऑनलाइन परवाना, तोही फास्टॅगशी जोडला गेला आणि कोणता माल कुठून गेला, हे करखात्यालाही दिसू लागलं. मालकाच्या मोबाइलवर तर प्रत्येक नाक्याचा मेसेज वेळेसकट येतोच. पावत्यांवरची भांडणं मिटली, पण ड्रायव्हरच्या मागचा तगादा काही सुटला नाही. दोन नाक्यांमध्ये तासभर जास्त गेला की फोन वाजतो: “कुठे थांबलास रे?”