दुखणं उलटलं, पण किती?

आई म्हणते, ‘दुखणं उलटलं.’ डॉक्टर त्यालाच फ्लेअर म्हणतात. तिच्या रुमॅटॉइड आर्थ्रायटिसला बरीच वर्षं झाली. दर भेटीला मी शेजारी बसतो, त्यामुळे तपासणीचा क्रम मलाही पाठ झालाय.

खांदे, कोपरं, मनगटं, मग प्रत्येक हाताच्या बोटांचे दहा सांधे आणि शेवटी गुडघे. एकूण 28. अंगठ्याने दाबताना डॉक्टरांची नजर आधी स्वतःच्या नखाकडे असते. नख पांढरं पडलं की जोर पुरेसा झाला. मग आईच्या चेहऱ्याकडे. आई ‘हं’ म्हणाली की कागदावरच्या बाहुलीवर एक फुली.

दुखणारे सांधे वेगळे मोजतात, सुजलेले वेगळे. सुजेसाठी आईला मूठ वळायला सांगतात. लहानपणी मुठीवर महिने मोजायला तिनेच शिकवलं होतं: उंचवट्यावर 31 दिवसांचा महिना, खळग्यात त्याहून कमी दिवसांचा. यंदा पावसाळ्यात तिच्या उजव्या मुठीवर पहिला खळगा भरून आला होता. फेब्रुवारी सापडेना.

त्या दिवशी दुखरे सांधे 6, सुजलेले 4, ईएसआर 40. राहिली पट्टी. शंभर मिलिमीटरची आडवी रेघ. डाव्या टोकाला ‘अगदी बरं’, उजव्या टोकाला ‘अगदी वाईट’. आईने 30 वर खूण केली.

“काकू, सकाळी दुधाची पिशवी कोण कापतं?”

“सध्या हाच कापतो. मला कात्री धरवत नाही ना.”

“आणि हात मोकळे व्हायला किती वेळ लागतो?”

“नऊ तरी वाजतात.” ती साडेसहाला उठते.

डॉक्टरांनी काही न बोलता पेन पुन्हा तिच्या हातात दिलं. खूण 50 वर गेली.

आकडेमोड आता मोबाइलवरच होते. डीएएस-28 नावाच्या या गुणांकात 2.6 च्या खाली म्हणजे आजार शांत आणि 5.1 च्या वर म्हणजे जोरात. आईचा आकडा 5.2 आला. घरी मी पहिल्या खुणेवरून तोच हिशेब करून पाहिला: 4.9, म्हणजे मध्यम. सांधे तेच, रक्त तेच. फरक फक्त ‘बरी आहे हो’ म्हणायच्या सवयीचा. आपल्याकडच्या बायका ही पट्टी भरतात तेव्हा पाहुण्यांना उत्तर दिल्यासारखी भरतात, असं माझं मत झालंय.

रक्ताचा आकडाही अगदी निःपक्षपाती नसतो. ईएसआर म्हणजे उभ्या नळीत तासाभरात तांबड्या पेशी किती मिलिमीटर खाली बसल्या ते. वय वाढलं, रक्त कमी असलं, तरी तो वाढतो.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. या 28 सांध्यांत पाऊल नाही. न्हाणीघरापर्यंत आई भिंत धरून जाते, पण बोटांच्या मुळाशी सुजलेल्या त्या पावलांना हिशेबात शून्य किंमत. आमचे डॉक्टर चपला काढायला लावून चवडा दोन्ही बाजूंनी हलकेच दाबतात आणि समासात लिहून ठेवतात. सगळीकडे हे होतंच असं नाही.

दुसरी अडचण तारखेची. दुखणं उलटतं मंगळवारी, अपॉइंटमेंट तीन आठवड्यांनी. तोवर सूज ओसरलेली. म्हणून आई आता भिंतीवरच्या कालनिर्णयवर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहिते: ‘उ. मनगट, 2 तास’. या वेळी त्याच पानावर मेथोट्रेक्सेटची आठवड्याची गोळी सलग दोन रविवार चुकल्याचंही दिसलं. घरात पाहुणे होते.

तुमच्या घरी कुणाला हा आजार असेल तर सूज असेल त्याच दिवशी हाताचा, पायाचा फोटो काढून ठेवा आणि तो डॉक्टरांना दाखवा. मात्र एकच सांधा अचानक लाल होऊन तापला आणि अंगात ताप असेल, तर नोंदी करत बसू नका. सांध्यात जंतुसंसर्ग असू शकतो. त्याच दिवशी दवाखाना गाठा.